खेड्यातल्या घराला फायरवॉलचा डबा: एन१०० चार-पोर्ट मिनी पीसी आणि ओपीएनसेन्स

आधी निकाल सांगतो. डबा म्हणजे घरातल्या नेटच्या वाटेवर बसून काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणारा छोटा संगणक, त्यालाच फायरवॉल म्हणतात; ओपीएनसेन्स हे त्यावर चालणारं सॉफ्टवेअर. घरात चार मोबाईल आणि एक टीव्ही एवढाच कारभार असेल तर हा डबा घेऊ नका. तेवढ्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी नवी येते आणि ती जास्त उपयोगी पडते. पण पुढच्या खोलीत सेतू केंद्र किंवा कृषी केंद्राचा संगणक आहे, फाटकावर आणि गोठ्यावर कॅमेरे आहेत, गिऱ्हाईक आलं की वायफायचा पासवर्ड विचारतं आणि त्याच लाईनवर पोरांचे ऑनलाईन क्लास चालतात, अशी घरं विदर्भातल्या मोठ्या गावांत आता बरीच आहेत. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

वस्तू अशी: जेवणाच्या चौकोनी डब्याएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, वर उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या, पंखा नाही. आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर. तो २०२३ च्या जानेवारीत आला, त्यात चार कोर आहेत आणि कागदावर त्याची मर्यादा ६ वॅट. मागे इंटेल आय२२६-व्ही चिपचे अडीच गिगाबिटचे चार पोर्ट. रॅमसाठी डीडीआर५ चा एकच खाचा, एनव्हीएमई एसएसडीसाठी एक खाचा, एचडीएमआय आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. हा डबा दहा नावांनी विकला जातो, आतला बोर्ड बहुधा एकाच घराण्यातला. अलीएक्स्प्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो आणि थोडे पैसे जास्त जातात. त्यांच्या बदल्यात बिल आणि वॉरंटी मिळते, तेव्हा तक्रार नाही.

रॅम आणि एसएसडी नसलेला ‘बेअरबोन’ डबा घ्या आणि या दोन वस्तू ओळखीच्या कंपनीच्या वेगळ्या घ्या. ८ जीबीची एक रॅमपट्टी आणि १२८ जीबीची एसएसडी भरपूर होते. आधीच भरून येणारी बिननावाची एसएसडी हा या डब्याचा सर्वांत कच्चा भाग. डबा वर्षानुवर्षे चालतो, ती आधी मरते.

फायरवॉल नेमकी कोणापासून?

दुकानदार सांगतो, ‘हॅकर बाहेरून येतो, त्याला हा डबा अडवतो.’ हे अर्धंच खरं आहे. खेड्यात मिळणाऱ्या बऱ्याचशा जोडण्यांवर, विशेषतः ५जी एअरफायबर आणि छोट्या केबलवाल्यांच्या फायबरवर, घराला स्वतःचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा इंटरनेटचा) पत्ता मिळतच नाही. ऑपरेटर शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतो. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला की समजायचं. अशा घराचं दार बाहेरून कोणी ठोठावूच शकत नाही, निदान आयपीव्ही४ वरून. आयपीव्ही६ ही नवी पद्धत चालू असेल तर मात्र घरातल्या प्रत्येक यंत्राला जगजाहीर पत्ता मिळतो आणि तिथे फायरवॉल खरोखर राखण करते.

खरी गरज आतल्या आत आहे. गिऱ्हाइकाचा व्हायरसवाला मोबाईल आणि ज्यावरून आधारची, सातबाऱ्याची, बँकेची कामं होतात तो संगणक, दोन्ही एकाच वायफायवर असतात. भिंतीवरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) कंपनीच्या मूळ पासवर्डवर चालू असतो आणि रात्रंदिवस कुठल्यातरी परदेशी सर्व्हरशी बोलत राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने जगभरातले असे कॅमेरे आणि डीव्हीआर मूळ पासवर्ड वापरूनच ताब्यात घेतले होते. ऑपरेटरच्या राउटरमध्ये या मंडळींना एकमेकांपासून वेगळं बांधायची सोय जवळपास नसते. ते काम हा डबा झकास करतो. खरेदीमागचं कारण हेच असावं.

सॉफ्टवेअर

या डब्यावर पीएफसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी आणि ओपीएनसेन्स तिन्ही चालतात. इथे शिफारस ओपीएनसेन्सची. २०१५ मध्ये ते पीएफसेन्समधून वेगळं निघालं, फुकट आहे, फ्रीबीएसडीवर चालतं आणि दर वर्षी जानेवारी व जुलैत नवी मुख्य आवृत्ती येते. मेनू समजायला बरा आहे. ओपनडब्ल्यूआरटी हलकं आहे, पण नियम लिहिताना नवखा माणूस अडखळतो.

स्थापनेला दीड तास धरा. ओपीएनसेन्सच्या संकेतस्थळावरून ‘एएमडी६४’ आणि ‘व्हीजीए’ निवडून फाईल उतरवायची. इंटेल प्रोसेसर असला तरी एएमडी६४ हेच बरोबर आहे, तिथे घाबरू नका. फाईल बीझेड२ मध्ये दाबलेली येते, सेव्हन-झिपने उघडा आणि रुफसने ८ जीबीच्या पेन ड्राईव्हवर लिहा. रॅम आणि एसएसडी बसवून डबा एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि यूएसबी कीबोर्ड लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर एक-दोन मिनिटं, कधी जास्तही, पडदा काळाच राहतो. डीडीआर५ रॅमची ओळखपरेड चालू असते. या काळात बटण दाबून बंद करणारे पुष्कळ आहेत आणि मग ‘डबा मेलेला आला’ म्हणून परत पाठवतात. पाच मिनिटांनंतरही काळाच असेल तर रॅमपट्टी काढून पुन्हा खटका बसेपर्यंत दाबा.

डिलीट दाबून बायोसमध्ये (डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. तीन गोष्टी करायच्या. सिक्युअर बूट बंद. ‘स्टेट आफ्टर जी३’ हे ‘एस० स्टेट’ वर, म्हणजे लाईन गेली आणि आली की डबा आपोआप चालू होतो. हा पर्याय बहुतेक बोर्डांत चिपसेटच्या मेनूत, पीसीएच-आयओच्या आत असतो. काही ठिकाणी त्याचं नाव ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’ असतं. तिसरं म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसची एएसपीएम ही वीजबचत बंद. आय२२६ पोर्ट मधेच तुटतात, परत जोडले जातात, या तक्रारीमागे बरेचदा हीच असते. वाचणारी वीज नगण्य आहे, तेव्हा हळहळ नको.

पेन ड्राईव्हवरून सुरू झाल्यावर ‘इन्स्टॉलर’ या नावाने आणि ‘ओपीएनसेन्स’ या पासवर्डने आत जा, दोन्ही लहान इंग्रजी अक्षरांत. फाईलप्रणाली विचारली की झेडएफएस निवडा. यूएफएस हलकी असली तरी लाईन अचानक गेली की तिची घडी विस्कटू शकते आणि मग डबा सुरू होताना कन्सोलवर (टीव्हीवर दिसणाऱ्या अक्षरांच्या पडद्यावर) अडून बसतो. आपल्याकडे दिवसातून तीनदा लाईन जाते, तेव्हा या प्रश्नावर दुसरं मतच नको.

पोर्टांची नावं आतून आयजीसी०, १, २, ३. डब्यावर छापलेले आकडे याच क्रमाने असतील याची खात्री नसते. कन्सोलच्या मेनूत पर्याय १ निवडून केबल लावत-काढत कोणता पोर्ट कोणता ते ओळखा आणि तिथल्या तिथे डब्यावर मार्करने लिहून टाका.

आता सर्वांत जास्त लोक अडकतात ती जागा. ओपीएनसेन्सच्या लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो. ऑपरेटरच्या ओएनटीचाही (फायबरची तार ज्यात येते त्या यंत्राचाही) पुष्कळदा हाच. दोन्ही बाजूंना एकच पट्टा आला की डब्याला कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं ते कळत नाही, नेट चालत नाही आणि माणूस दोन दिवस नियम तपासत बसतो. वॅनची केबल लावण्याआधीच पर्याय २ ने लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा.

ओएनटीचं काय करायचं

दोन रस्ते आहेत. पहिला ब्रिज मोड: ओएनटी फक्त प्रकाशाचं तारेत रूपांतर करतो आणि पीपीपीओई लॉगिन (नाव-पासवर्ड देऊन ऑपरेटरशी जोडणी) डबा करतो. बीएसएनएलच्या फायबरवर आणि बऱ्याच स्थानिक ऑपरेटरांकडे हे मागून मिळतं. तीन गोष्टी लिहून घ्या: पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतल्या वेगळ्या वाटा ओळखायचा आकडा, तो टॅग म्हणून पॅकेटवर लागतो). व्हीलॅन क्रमांक गावागणिक बदलतो, शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा उतरवून चालत नाही. ब्रिज करताना ओएनटी तो टॅग स्वतःच काढत असेल तर डब्यात व्हीलॅन बनवायचा नाही. काढत नसेल तर आधी वॅन पोर्टवर व्हीलॅन आणि त्याच्यावर पीपीपीओई. लॉगिनचा प्रयत्न होतो पण समोरून काहीच उत्तर येत नाही, असं दिसलं तर टॅगची चूक समजा. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर नाव-पासवर्ड, किंवा ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. तो बदलून घ्यायला फोन करावा लागतो, किंवा तोच मॅक डब्याच्या वॅनमध्ये भरायचा. लाईन जाऊन आल्यावर पाच-दहा मिनिटं लॉगिन नाकारलं जाणं हाही नेहमीचा प्रकार आहे. समोरच्या यंत्रात जुनं सत्र अजून जिवंत असतं, ते मेलं की जोडणी होते. त्या वेळात सेटिंगला हात लावू नका.

दुसरा रस्ता म्हणजे ओएनटी किंवा एअरफायबरचा राउटर आहे तसा ठेवून डबा त्याच्या मागे लावणे. डबल नॅट होतं, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवायचं काम दोनदा होतं, म्हणून पुष्कळ जण नाकं मुरडतात. सीजीनॅट असलेल्या घरात आधीच एक नॅट असतं, त्यात आणखी एकाने रोजच्या वापरात काही बिघडत नाही. फक्त ओएनटीचं वायफाय बंद करा, नाहीतर सगळी भिंत बांधून मागचं दार उघडं ठेवल्यासारखं होतं. वॅनवरचं ‘ब्लॉक प्रायव्हेट नेटवर्क्स’ काढा असं डबल नॅटमध्ये हमखास सांगितलं जातं. त्याची गरज नसते. ती खूण फक्त बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या अडवते, आतून गेलेल्या विनंतीचं उत्तर व्यवस्थित परत येतं.

जुना वायफाय राउटर फेकू नका. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करून, केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन खोबणीत लावली की तो साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारं यंत्र, होतो. केबल मात्र पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि दोनदा वाकवली की आतून तुटते. आठपैकी चारच तारा दाबून दिलेली जोडणीही गावात सर्रास दिसते. त्यावर १०० एमबीपीएसच्या वर वेग जात नाही आणि दोष डब्यावर येतो. डॅशबोर्डवर पोर्टसमोर ‘१००बेस’ दिसलं की आधी केबल तपासा.

चार पोर्टांची वाटणी आणि नियम

पहिला वॅन, दुसरा घर, तिसरा कॅमेरे, चौथा दुकान. इथे डब्याची एक उणीव लगेच दिसते. गिऱ्हाइकांच्या मोबाईलला पाचवा पोर्ट उरत नाही. चौथ्या पोर्टवर व्हीलॅन समजणारा ॲक्सेस पॉइंट आणि छोटा मॅनेज्ड स्विच (व्हीलॅन वेगळे ठेवू शकणारा केबलचा फाटा) लावून ३० क्रमांकाच्या व्हीलॅनवर सेतूचे संगणक आणि ४० वर गिऱ्हाईक अशी वाटणी होते. हा सरळ उपाय आहे. त्यापेक्षाही सरळ उपाय गिऱ्हाइकाला वायफाय न देण्याचा, पण गावात ते जमेलच असं नाही. व्हीलॅन वापरलात तर त्या पोर्टवर टॅग नसलेलं नेटवर्क ठेवू नका. दोन्ही मिसळले की पुढे चूक शोधणं जिकिरीचं होतं.

नवीन पोर्ट चालू केला, पत्ता दिला, तरी त्यावर नेट येत नाही. हा बिघाड नाही. ओपीएनसेन्स फक्त लॅनला आयता ‘सगळं जाऊ दे’ नियम देतं. बाकीच्या पोर्टांवर नियम लिहीपर्यंत सगळं बंद असतं. त्या पोर्टवर डीएचसीपीही वेगळं चालू करावं लागतं. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, म्हणून क्रमाला महत्त्व.

गिऱ्हाइकांच्या नेटवर्कवर तीन नियम पुरतात. पहिला: या पोर्टच्या पत्त्यावर ५३ क्रमांकाला (डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची वाट) टीसीपी आणि यूडीपी, म्हणजे डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धती, जाऊ द्या, नाहीतर नावांचे पत्तेच मिळणार नाहीत. दुसरा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या घरगुती पत्त्यांच्या पट्ट्यांचा एक एलियस (एका नावाखालचा गट) करून तिकडे जाणारं सगळं अडवा, आणि त्यासोबत ‘धिस फायरवॉल’ कडे जाणारंही. तिसरा: उरलेलं जाऊ द्या. दुसरा आणि तिसरा उलटे लागले की भिंत कागदावरच राहते, म्हणून तपासून पाहा. गिऱ्हाइकांच्या वायफायवर मोबाईल जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ टाका. डब्याचं लॉगिन पान उघडलं तर क्रम चुकला आहे.

नियम बदलला आणि फरक पडला नाही? आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या जुन्या परवानगीवर चालत राहतात. फायरवॉलच्या डायग्नॉस्टिक्समध्ये जाऊन स्टेट्स (चालू जोडण्यांची नोंद) रीसेट करा.

कॅमेऱ्यांचा नियम आणखी छोटा आहे. घड्याळासाठी डब्याच्या पत्त्यावर यूडीपी १२३ जाऊ द्यायचं आणि बाकी सगळं बंद. डीव्हीआर बाहेर बोलत नाही, पण घरच्या लॅनवरून तो दिसतो, कारण विनंती लॅनच्या बाजूने निघते आणि उत्तराला वाट मिळते. कॅमेरे आणि डीव्हीआर एकाच स्विचवर ठेवा. मग त्यांचं अवजड चित्रीकरण डब्यातून जातच नाही.

याची किंमत मोजावी लागते. क्यूआर कोड स्कॅन करून चालणारं कंपनीचं मोबाईल ॲप शेतातून किंवा नागपूरहून चित्र दाखवणं बंद करतं. उपाय व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खासगी बोगदा. वायरगार्ड हा त्याचा एक प्रकार ओपीएनसेन्समध्ये आतच आहे, पण सीजीनॅटमागे आयपीव्ही४ वरून त्याला बाहेरून गाठता येत नाही. घर आणि मोबाईल दोघांनाही आयपीव्ही६ मिळत असेल तर ते जमतं. ब्रिज मोडमध्ये हे सोपं आहे, ऑपरेटरच्या राउटरमागे असाल तर तो राउटर आयपीव्ही६ चा पट्टा पुढे देतो का यावर सगळं अवलंबून. नाहीतर टेलस्केलचं प्लगिन टाका. ते दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी काढून वाट शोधतं, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. लागायला पंधरा मिनिटं.

जाहिराती आणि नको ती संकेतस्थळं अडवायला अनबाउंड डीएनएसमध्ये (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या भागात) ब्लॉकलिस्ट आहे. एकच मध्यम यादी निवडा. पाच याद्या एकावर एक लावल्या की पैसे भरायचं पान अर्धवट उघडतं आणि सेतूत रांग लागते. पोरांना रात्री दहानंतर नेट बंद करायचं वेळापत्रकही लावता येतं. ते वायफायपुरतं. मोबाईलमध्ये रोजचा दीड जीबी असतोच, त्याला हा डबा काय करणार?

सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा दिसली की चालू करायचा मोह होतो. घरगुती वापरात राहू द्या. आजची बहुतेक रहदारी कूटबद्ध असते, आत काय आहे ते तिला दिसत नाही. रॅम आणि तुमचा वेळ मात्र ती खाते.

लाईन, ऊन आणि वीज

आतापर्यंतचं सगळं पुण्यातल्या फ्लॅटमध्येही तसंच असतं. डबा खेड्यात टिकतो की नाही ते पुढच्या गोष्टी ठरवतात.

नेहमीच्या कामात डबा साधारण १० ते १२ वॅट घेतो. १२ वॅट धरले तर महिन्याला ८.६४ युनिट. जुना डेस्कटॉप वापरायचा म्हटलं तर ५० वॅटने ३६ युनिट होतात, शिवाय इन्व्हर्टरवर त्याचा भार वेगळा. म्हणून ‘घरात पडलेला पीसीच फायरवॉल करू’ हा विचार बिलात महाग पडतो. डबा, ओएनटी आणि ॲक्सेस पॉइंट मिळून ३० वॅटच्या आत राहतात, म्हणजे १५० एएचच्या बॅटरीला ते जाणवतही नाहीत. बॅटरी खातो तो पंखा.

इन्व्हर्टरवर बदलताना क्षणभर वीज तुटते. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर तिकडे ठेवा. ६० वॅटचा अडॅप्टर १२ वॅटवरच चालत असल्याने त्याच्या आतले कपॅसिटर तेवढा क्षण बहुधा सांभाळतात. त्यामुळे सोबत ३६ वॅटचा अडॅप्टर आला असेल तर ६० चा घेणं शहाणपणाचं. तो घेताना दोन गोष्टी पाहा: बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि पिनेचं माप. या डब्यांना बहुधा ५.५ × २.५ मिलिमीटरची पिन लागते, राउटरवाल्या मिनी यूपीएसची २.१ ची असते आणि ती आत जातच नाही. पिनेचं माप बदलणारा जोड लावून जोडलात तरी १२ व्होल्ट २ अँपिअरचा मिनी यूपीएस २४ वॅटवर थांबतो आणि डबा सुरू होताना तेवढं ओढू शकतो. लाईन गेली की सगळं चालू राहतं, पण बॅटरीवर असताना रीस्टार्ट केलं की अडकतं, अशी विचित्र लक्षणं मग दिसतात.

कमी दाबाची भीती नाही. संध्याकाळी १६० व्होल्ट झाले तरी १०० ते २४० चा अडॅप्टर चालतो. भीती डीपीवरचा न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा एका फेजच्या घरात दाब ४०० च्या दिशेने चढतो आणि अडॅप्टर, टीव्ही, फ्रिज एकदम जातात. मीटरनंतरच्या बोर्डावर कमी-जास्त दाबाला तोडणारा प्रोटेक्टर बसवा. डब्याच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि पावसाळ्यात तपासून गेलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरतं. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. सोबत आलेली चपट्या पिनेची परदेशी वायर काढून तीन पिनेची भारतीय वायर लावा.

आता ऊन. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. पंखा नसलेल्या डब्याचं अंग हाच त्याचा पंखा, म्हणून त्याला मोकळी हवा हवी. प्रोसेसरची आतली मर्यादा १०५ अंश आहे. त्याआधीच तो वेग कमी करत जातो. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ‘मिसलेनिअस’ या पानावर थर्मल सेन्सर ‘इंटेल कोअर’ असा निवडला की डॅशबोर्डवर तापमान दिसतं. मूळ सेटिंगमध्ये ते दिसतच नाही. दुपारी तीनला ८५ च्या वर दिसलं तर आधी खालचे स्क्रू काढून प्रोसेसर आणि झाकण यांच्यामधली थर्मल पेस्ट पाहा. कारखान्यात ती कधी चिमूटभर तर कधी वाळलेली असते. नवी लावून फरक पडतो. त्यानंतर बायोसमध्ये पीएल१ ची (प्रोसेसरने सतत ओढायच्या विजेची) मर्यादा १० वॅटच्या आत आणा. १०० ते ३०० एमबीपीएसच्या लाईनला एवढा जोर पुरून उरतो.

पंखा नसणं हा मात्र आपल्याकडे गुणच आहे. जिनिंगच्या किंवा कापूस साठवलेल्या घराच्या आसपास हवेत तंतू असतात आणि पंख्याचा संगणक एका हंगामात आतून गादी होतो. डबा आतल्या भिंतीला, छातीच्या उंचीवर, पट्ट्या उभ्या राहतील असा लावा. कपाटाच्या डोक्यावर नको आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नको. त्या झोतात थंडाव्याबरोबर खारं पाणीही येतं, दोन महिन्यांत पोर्टच्या सोनेरी पिनांवर पांढरी बुरशी धरते. रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या घाला. मुंग्या आणि पालीची पिल्लं आत घर करतात.

विजेचा कडकडाट हा या भागातला नेटवर्कचा पहिला शत्रू. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा पिठाच्या गिरणीपर्यंत उघड्यावरून नेलेली तांब्याची लॅन केबल म्हणजे विजेला आमंत्रण. वीज प्रत्यक्ष पडायचीही गरज नाही, जवळ पडली तरी तारेत दाब उठतो आणि पोर्ट जातो. जळालेला पोर्ट दुरुस्त होत नाही, कारण चिप बोर्डावरच असते. दोन इमारतींमध्ये फायबर टाका: सिंगल मोड ड्रॉप केबल आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी). त्या केबलला आधाराची पोलादी तार असते, ती बाहेरच्या खुंटीलाच संपवा, घरात आणू नका. आभाळ भरून आलं की पॉवरची आणि लॅनची, दोन्ही पिना काढा. एकच काढून उपयोग नाही, दाब दुसऱ्या वाटेने येतो.

एक बारीक भानगड. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी कमजोर असली की लाईन गेल्यावर घड्याळ मागे जातं. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची सही तपासणं) चालू असेल तर चुकीच्या तारखेमुळे अनबाउंडला सगळ्या सह्या अवैध वाटतात, नावांचे पत्ते मिळत नाहीत, आणि पत्ते मिळत नाहीत म्हणून वेळेचा सर्व्हरही सापडत नाही. नेट जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. वेळेच्या सर्व्हरच्या यादीत एक नोंद नावाऐवजी आकड्यात ठेवा, उदाहरणार्थ गुगलचा २१६.२३९.३५.०, आणि बॅटरी बदला.

अपडेट सकाळी करा, लाईन जायची वेळ टाळून. झेडएफएस असेल तर आधी सिस्टीमच्या मेनूतून स्नॅपशॉट घ्या. ही सोय २४.७ पासून आहे, अपडेट बिघडलं की पाच मिनिटांत मागे येता येतं. प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाईल उतरवून पेन ड्राईव्हवर ठेवा. एसएसडी मेली तर नव्या एसएसडीवर स्थापना करताना तीच फाईल वाचून सगळे नियम परत उभे राहतात.

पर्याय काय? काही वेगळं बांधायचं नसेल आणि फक्त पोरांच्या मोबाईलला लगाम हवा असेल तर ओपनडब्ल्यूआरटी चालणारा साधा राउटर पुरे. नागपूरच्या सीताबर्डीत ऑफिसातून निघालेले छोटे मिनी पीसी मिळतात. लेनोव्होच्या एम७२०क्यू मध्ये रायझर लावून इंटेलचं चार पोर्टचं कार्ड बसतं आणि ते उत्तम चालतं, फक्त पंखा आला आणि कापसाचे तंतू आले. रियलटेकचे पोर्ट असलेला स्वस्त डबा टाळा. फ्रीबीएसडीवर त्याला वेगळं प्लगिन लागतं आणि भाराखाली तो रुसतो.

गुण द्यायचे तर पोर्ट आणि ताकदीला पैकीच्या पैकी, सोबतच्या अडॅप्टरला आणि एसएसडीला नापास. आणि डबा बसवणारा माणूस नोकरीला बाहेरगावी असेल तर एक काम आजच करा. झाकणावर कागद चिकटवा: कोणती केबल कुठे, पीपीपीओईचं नाव, आणि ‘डबा बंद पडला तर वॅनची निळी केबल काढून सरळ जुन्या राउटरच्या वॅनमध्ये लावा’ एवढं मोठ्या अक्षरांत. ब्रिज मोड असेल तर त्या जुन्या राउटरमध्ये पीपीपीओई आधीच भरून ठेवा, आणि तो ॲक्सेस पॉइंट म्हणून कामाला लावला असेल तर त्यासाठी दुसरा एक राउटर कपाटात ठेवा.